भटकंतीचा परवाना

मराठी प्रवासवर्णनाला अलीकडे एक नवे वाहन मिळाले आहे. बोट, आगगाडी, विमान आणि सहल-कंपनीची बस यांच्यानंतर आता मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर. ते युरोपात भाड्याने घ्यावे, स्वयंपाक आपला आपण करावा, वाटेल तिथे वळावे आणि रात्री एखाद्या कॅम्पसाइटवर मुक्काम करावा, अशी ही रीत. या प्रवासाच्या टिपणांतून हळूहळू एक उपप्रकार तयार होतो आहे : आवडत्या कॅम्पसाइटची यादी. स्वित्झर्लंडमधील लाउटरब्रुनेनची, जिथे श्टाउबाखचा सुमारे ३०० मीटरांचा धबधबा तंबूंच्या शेजारी कोसळतो. स्लोव्हेनियातील ब्लेड सरोवराच्या काठची. व्हेनिससमोरच्या फुझिनाची, जिथून बोटीने थेट शहरात जाता येते. दक्षिण फ्रान्समधील आर्देश नदीच्या घळईतली. प्रत्येकीसमोर तारे, रात्रीचे दर, गरम पाणी, वीजजोडणी, सांडपाण्याची सोय आणि शेवटी एक सुस्कारा : इथून पाय निघत नव्हता.

अशा याद्या उपयुक्त असतात, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. परक्या देशात अंधार पडत असताना मुक्कामाची जागा शोधणाऱ्याला सौंदर्यशास्त्र नको असते, पत्ता हवा असतो. आमचे भांडण यादीशी नाही. यादीच्या आगेमागे जी भाषा येते तिच्याशी आहे. गाडीची किल्ली हाती पडली की लेखक स्वतःला 'भटक्या' म्हणवू लागतो. त्याचे कुटुंब 'जिप्सी' होते. दोन गाड्या बरोबर निघाल्या की त्यांचा 'तांडा' बनतो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण, जिच्यात मुळात कणव आणि थोडी हेटाळणी आहे, ती मिरवण्याची गोष्ट होते. ज्या भाषेत हे लिहिले जाते तिच्यात 'भटकणे' या एकाच क्रियापदापासून दोन शब्द निघाले आहेत. 'भटकंती' हा हौसेचा, शनिवार-रविवारचा, ट्रेकचा शब्द. 'भटके' हा शासकीय सूचीतला, जातीच्या दाखल्यावरचा, पालांतल्या माणसांचा शब्द. एकाच धातूची ही दोन रूपे मराठीत एकमेकांना ओळख देत नाहीत.

युरोपातही नेमके हेच घडले आहे, आणि तिथे ते कायद्याच्या कलमांत लिहिलेले आहे. कॅम्पसाइट ही तिथे केवळ मुक्कामाची जागा नाही. चाकांवरच्या घरात राहण्याचा परवाना देणारी ती एक संस्था आहे. हा परवाना कोणाला मिळतो आणि कोणाला नाकारला जातो याविषयी एक शब्दही न काढता आवडत्या कॅम्पसाइटविषयी लिहिणे म्हणजे अर्धे लिहिणे होय, असे आमचे म्हणणे आहे.

इतिहासापासून आरंभ करू. हौसेसाठी कॅराव्हॅन बांधून प्रवासाला निघालेला पहिला प्रसिद्ध माणूस म्हणजे ब्रिटिश नौदलातील निवृत्त डॉक्टर आणि लेखक गॉर्डन स्टेबल्स. त्याने ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाची, दोन घोडे ओढतील अशी गाडी बनवून घेतली आणि १८८५ मध्ये तो स्कॉटलंडपर्यंत फिरून आला. गाडी हाकायला गाडीवान होता, सेवेला नोकर होता. दुसऱ्या वर्षी त्याने या प्रवासावर पुस्तक लिहिले, आणि १८९१ च्या पुढच्या पुस्तकात स्वतःला पदवी घेतली : 'जंटलमन जिप्सी'. त्या दोन शब्दांत या हौसेचे सगळे व्याकरण आहे. घर आणि वाट जिप्सींकडून घ्यायची आणि पुढे 'जंटलमन' जोडून त्यांच्यापासून वेगळे व्हायचे. विशेषण नसते तर पोलिसाने हटकले असते. १९०१ मध्ये सायकलवरून तंबू नेणाऱ्यांचा क्लब इंग्लंडमध्ये निघाला, १९०७ मध्ये कॅराव्हॅन क्लब. 'कॅराव्हॅन' हा शब्द फारसीतील कारवानाचा, आणि डोळ्यांसमोरचा नमुना होता रंगीत लाकडी गाड्यांतून फिरणाऱ्या रोमानी लोकांचा.

हे रोमानी लोक मराठी वाचकाला पूर्णपणे परके नाहीत. त्यांची भाषा भारतीय-आर्य कुळातली आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारतातून पश्चिमेकडे गेले, हे भाषाशास्त्राने दाखवून दिले आहे. त्यांच्या भाषेत पाण्याला 'पानी' म्हणतात, नाकाला 'नाख', दाताला 'दांद', काळ्याला 'कालो' आणि काळीला 'काली'. फ्रान्समधील त्यांच्या एका शाखेचे नाव 'मानुश' आहे, आणि त्याचा अर्थ माणूस. मात्र एक खुलासा आवश्यक आहे. युरोपात चाकांवर राहणारे सगळेच रोमानी नाहीत. आयरिश ट्रॅव्हलर, येनिश, जत्रांतून खेळ नेणारे असे अनेक समाज त्यांत आहेत. उलट युरोपातील बहुसंख्य रोमानी आज पक्क्या घरांत राहतात. म्हणूनच 'जिप्सी म्हणजे मुक्त संचार' हे समीकरण दुहेरी खोटे आहे : जे फिरत नाहीत त्यांना ते फिरते ठरवते, आणि जे फिरतात त्यांच्या फिरण्याला मुक्त म्हणते.

आता कॅम्पसाइटच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलून घेऊ, कारण ते लहान नाही. फ्रान्समध्ये १९३६ च्या जूनमध्ये पॉप्युलर फ्रंटच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा हक्क दिला. क्रीडा आणि फावल्या वेळाचे खाते सांभाळणाऱ्या लेओ लाग्रांज यांनी रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळवून दिली. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या वर्षांत ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता अशी कुटुंबे तंबू घेऊन समुद्राकडे निघाली. युद्धानंतर गावोगावच्या कम्यूननी, म्हणजे स्थानिक पालिकांनी, नदीकाठी किंवा क्रीडांगणाशेजारी स्वतःच्या कॅम्पसाइट काढल्या. 'कॅम्पिंग म्युनिसिपाल' ही पाटी फ्रान्समध्ये आजही दिसते. तिथे शिक्षक, गवंडी आणि टपाल कर्मचारी शेजारी-शेजारी उतरत, एकाच नळावर भांडी घासत. रजा ही श्रीमंतांची मिरास उरली नाही, यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. दुर्दैवाने यांपैकी कित्येक जागा पालिकांनी खासगी चालकांच्या हवाली केल्या आहेत आणि तंबूंच्या जागी 'मोबाइल होम' नावाच्या, कधीही न हलणाऱ्या खोल्या मांडल्या गेल्या आहेत. तारे वाढले, नळ प्रत्येकाचा वेगळा झाला, दर चढले. याद्या लिहिणाऱ्यांनी यालाच प्रगती म्हटले.

परंतु त्याच काळात दुसऱ्या चाकांचे काय झाले? इंग्लंडचे उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे, कारण तिथे एकाच कायद्यात दोन्ही न्याय सापडतात. १९६० च्या कॅराव्हॅन स्थळ कायद्याने कॅराव्हॅनच्या तळासाठी परवाना सक्तीचा केला आणि सार्वजनिक गायरानांवर कॅराव्हॅनना मज्जाव करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. जिप्सी पिढ्यान्‌पिढ्या ज्या जागांवर थांबत त्यांतल्या कित्येक अशा रीतीने बंद झाल्या. याच कायद्याच्या परिशिष्टात हौशी क्लबांना मात्र सूट मिळाली : मान्यताप्राप्त क्लबाने प्रमाणपत्र दिले तर शेतकऱ्याला आपल्या शेतात क्लबाच्या सदस्यांच्या पाच कॅराव्हॅन परवान्याशिवाय उतरवून घेता येतात. पाच गाड्यांच्या या चिमुकल्या तळांची सगळे हौशी प्रवासी तोंड भरून स्तुती करतात. शांत, घरगुती, मेंढ्यांच्या सोबतीने. स्तुती रास्तच आहे. पण ज्या कागदाने हा तळ उघडला त्याच कागदाने दुसरा बंद केला, ही नोंद त्या स्तुतीत कधी आढळत नाही.

पुढे १९६८ च्या कायद्याने जिप्सींसाठी तळ पुरवण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. १९९४ च्या फौजदारी न्याय कायद्याने ते कर्तव्य रद्द केले आणि अनधिकृत थांबणाऱ्यांना हुसकावण्याचे अधिकार वाढवले. ज्यांना थांबायला जागा नाही त्यांनी स्वतःची जमीन विकत घ्यावी, असा त्या वेळचा उपदेश होता. एका जिप्सी स्त्रीने तशी जमीन घेतली आणि तिच्यावर आपली कॅराव्हॅन उभी केली. नियोजन-परवानगी नाकारली गेली. प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले, आणि २००१ मध्ये १० विरुद्ध ७ अशा मतांनी ती हरली. स्वतःच्या जमिनीवर स्वतःची एक कॅराव्हॅन नाही, आणि शेजारच्या शेतात क्लबाच्या पाच चालतील : कायद्याची ही गणिते कोणत्याही तारांकित यादीपेक्षा बोलकी आहेत. २०२२ च्या पोलीस कायद्याने तर परवानगीशिवाय जमिनीवर वाहनासह राहणे, नुकसान वा उपद्रवाच्या अटी लावून का होईना, गुन्हा ठरवले. तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि वाहन जप्त होऊ शकते. ते वाहन म्हणजे घर असते, हे सांगायला नको. हुसकावलेल्या जागी बारा महिने परतण्यास केलेली बंदी जिप्सी आणि ट्रॅव्हलर समाजांविरुद्ध भेदभाव करणारी आहे, असा निर्णय लंडनच्या उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला.

फ्रान्समध्ये हा भेद एका शब्दाच्या पोटात शिरला आहे. 'एर' म्हणजे मोकळी जागा. मोटरहोमच्या पर्यटकांसाठी गावोगावी 'एर द कॅम्पिंग-कार' असते : पाणी भरा, टाकी रिकामी करा, रात्र काढा, सकाळी बाजारात खरेदी करा. आपले प्रवासी या सोयीवर बेहद्द खूश असतात. दुसरी असते 'एर दाक्वेय', म्हणजे 'स्वागताची जागा'. ही 'प्रवासी लोकां'साठी, फ्रेंच प्रशासनाने चाकांवरच्या समाजांना दिलेल्या नावाप्रमाणे 'जाँ द्यू व्वायाज'साठी. २००० च्या बेसाँ कायद्यानुसार ५,००० हून अधिक वस्तीच्या कम्यूनना या जागांच्या तरतुदीत सहभागी व्हावे लागते; अनेकांनी वर्षानुवर्षे टाळाटाळ केली. ज्यांनी त्या बांधल्या त्यांतल्या कित्येक कचराडेपो, सांडपाणी केंद्रे, महामार्ग आणि कारखाने यांच्या कुशीत आहेत. २६ सप्टेंबर २०१९ ला रुआँ शहराजवळ लुब्रिझोलच्या रसायन-कारखान्याला भीषण आग लागली तेव्हा अशीच एक 'स्वागताची जागा' कारखान्यापासून काही शे मीटरांवर होती, आणि तिथल्या कुटुंबांना हलवले गेले नाही. या घटनेनंतर विल्यम आकेर या विधिज्ञाने, जो स्वतः याच समाजातला आहे, देशभरच्या अशा जागांची मोजदाद करून २०२१ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या पुस्तकाचे शीर्षक एक साधा प्रश्न आहे : हे लोक आहेत कुठे? कॅम्पसाइटची ही खरी दुसरी यादी. तिला तारे नाहीत.

या भेदालाही वंशावळ आहे. १६ जुलै १९१२ च्या फ्रेंच कायद्याने फिरत्या लोकांचे वर्ग पाडले आणि 'नोमाद' ठरलेल्यांना देहमापन-पुस्तिका बाळगण्याची सक्ती केली. तीत शरीराची मापे, बोटांचे ठसे, छायाचित्रे. आणि प्रत्येक गावात पोचल्यावर व निघताना शिक्का. जर्मन सैन्य अजून पॅरिसमध्ये शिरलेही नव्हते तेव्हा, ६ एप्रिल १९४० ला, प्रजासत्ताकाच्याच हुकुमाने नोमादांच्या संचाराला बंदी झाली. पुढे सहा हजारांहून अधिक माणसे देशभरच्या छावण्यांत डांबली गेली. फ्रान्स १९४४ मध्ये मुक्त झाला. शेवटची कुटुंबे सुटली ती १९४६ मध्ये. देहमापन-पुस्तिका १९६९ मध्ये गेली, पण तिच्या जागी संचारपत्रे आली. त्यांतला सर्वांत जाचक भाग आणि मतदानासाठी तीन वर्षे एकाच कम्यूनशी जोडलेले असण्याची अट घटना परिषदेने २०१२ मध्ये रद्द केली. उरलेली संचारपत्रे जायला २०१७ उजाडले. म्हणजे आपले जे वाचक विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप पाहून आले त्यांच्या शेजारून, त्याच रस्त्यांवरून, स्वतःच्याच देशात संचाराचा परवाना खिशात ठेवून फिरणारे फ्रेंच नागरिक जात होते.

मराठी वाचकाला इथे थबकावे लागेल. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला; नोंदणी, हजेरी, गाव सोडायला पास, आणि पुढे सोलापूरसारख्या ठिकाणच्या सेटलमेंटी. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, आणि त्या जमातींना 'विमुक्त' हे नाव मिळाले. दोन देश, दोन राजवटी. पण फिरणाऱ्या माणसाकडे पाहण्याची नजर एक. ज्याच्या पायाखाली स्थिर जमीन नाही त्याच्या हातावर शाई लावा.

हौसेची छावणी आणि सक्तीची छावणी यांतले अंतर कधी कधी शून्य होते, याचे सर्वांत अंगावर येणारे उदाहरण चेक प्रजासत्ताकात आहे. मोरावियातील होदोनीन ऊ कुन्श्तातू येथे १९४२-४३ मध्ये 'जिप्सी छावणी' होती. तिथून रोमानी कुटुंबे ऑश्विट्झला पाठवली गेली. युद्धानंतर त्याच आवारात सुट्टी घालवण्याचे केंद्र निघाले आणि ते कित्येक दशके चालले. सरकारने ती जागा विकत घेतली ती २००९ मध्ये. बोहेमियातील लेती येथील छावणीच्या जागेवर १९७० च्या दशकात वराहपालन केंद्र उभे राहिले. ते पाडायला २०२२ उजाडले आणि स्मारक २०२४ मध्ये खुले झाले. जंगल, टेकड्या, स्वच्छ हवा : सुट्टीच्या केंद्राला लागते ते सगळे होदोनीनला होते. त्या वर्षांत कोणी आवडत्या जागांची यादी केली असती तर तीत हे नाव येण्यास काय हरकत होती?

या विवेचनावर घेतले जाणारे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत, आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप : सुट्टीवर गेलेल्या माणसाने इतिहासाचे ओझे का वाहावे? उत्तर असे की, तो ते आनंदाने वाहतोच. किल्ला दिसला की दोन परिच्छेद राजांवर, चर्च दिसले की कमानींवर. इतिहास नको असतो असे नाही; एक विशिष्ट इतिहास नको असतो. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) या पुस्तकाच्या नावातच एक राजकीय प्रश्न होता. युरोप पाहणे म्हणजे तिथली माणसे कोणत्या व्यवस्थेत जगतात हे पाहणे, ही समजूत मराठी प्रवासलेखनाच्या परंपरेतच आहे. आम्ही ती बाहेरून आणत नाही.

दुसरा आक्षेप : पर्यटक चार दिवसांसाठी येतो, हे लोक राहायला येतात, तात्पुरते आणि कायमचे यांत कायद्याने फरक केला तर काय बिघडले? फरक आहेच. पण फिरणाऱ्याला 'थांबू नकोस' म्हणणारे आणि स्वतःच्या जमिनीवर स्थिरावू पाहणाऱ्याला 'इथे राहू नकोस' म्हणणारे एकच असतात, तेव्हा हा युक्तिवाद टिकत नाही. शिवाय पैसे मोजून चार दिवस राहायला आलेल्यालाही फाटकावर अडवले जाते. फ्रान्समधील कित्येक कॅम्पसाइटच्या नियमावलीत दोन आसांच्या कॅराव्हॅनना मनाई असते. कारण वजनाचे सांगितले जाते. परंतु अशा मोठ्या गाड्या प्रामुख्याने कोण वापरते हे सर्वांना माहीत असते. ब्रिटनमध्ये पॉन्टिन्स या सुट्टी-केंद्रांच्या कंपनीने आयरिश आडनावांची यादी कर्मचाऱ्यांना देऊन 'नकोसे पाहुणे' ओळखायला सांगितले होते. तिथल्या समानता व मानवाधिकार आयोगाने २०२४ मध्ये तो बेकायदा वंशभेद असल्याचा निष्कर्ष काढला. आडनाव विचारून जागा नाकारण्याची पद्धत काय असते, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावे लागेल असे वाटत नाही.

तिसरा आक्षेप : घाण, गोंगाट, नुकसान. स्थानिकांच्या सगळ्या तक्रारी पूर्वग्रहाच्या नसतात, हे खरे. पण तुलना करून पाहा. पोर्तुगालच्या किनाऱ्यांवर मोटरहोमच्या पर्यटकांची गर्दी आणि घाण वाढली म्हणून २०२१ च्या आरंभी रस्त्याकडेला रात्र काढण्यावर कडक बंधने आली. पर्यटकांच्या बाजूने ओरड झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये संरक्षित क्षेत्रांबाहेर ती सैल करून एका पालिका-क्षेत्रात ४८ तासांपर्यंत थांबण्याची मुभा मिळाली. पर्यटकाने उपद्रव दिला तर नियम होतो, नियम जाचला तर सहा-आठ महिन्यांत बदलतो. दुसऱ्यांच्या वाट्याला १९१२ ते २०१७ येतात. नेदरलँड्सचे उदाहरणही असेच. सुट्टीला कॅराव्हॅन जोडून निघणे हा तिथला जणू राष्ट्रीय छंद आहे. मात्र जिच्यात हौस करायची ती 'कॅराव्हॅन' आणि जिच्यात आयुष्य काढायचे ती 'वोनवागन'. या दुसरीसाठीचा १९१८ पासूनचा खास कायदा १९९९ मध्ये रद्द झाला आणि पुढे अनेक पालिकांनी रिकाम्या होणाऱ्या जागा पुन्हा न देण्याचे धोरण धरले. त्याचे डच नाव फार प्रामाणिक होते : 'उच्छेद-धोरण'. माणसे हलवायची नाहीत. जागा मरू द्यायच्या. ते सोडून देण्याची दिशा राष्ट्रीय पातळीवर ठरली ती २०१८ मध्ये.

प्रश्न आता मराठीचा. 'जिप्सी' हा शब्द आपण रोमँटिक कवितेतून घेतला, पाडगावकरांच्या संग्रहाचे ते नाव आहे. आणि मारुतीने १९८५ मध्ये आपल्या जीपवजा गाडीला तेच दिले. आपल्या मनात त्याचा अर्थ ठरून गेला : बंधन नसलेला. दुसरीकडे लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) याच मराठीत आहेत. गावोगाव फिरून टोपल्या विणणाऱ्या कैकाड्यांचे 'उपरा' हे एका अर्थाने प्रवासाचेच पुस्तक आहे : पाल कुठे पडले, गावाने कसे वागवले, कधी उठावे लागले. पण अभ्यासक्रमात ते 'दलित-भटक्यांची आत्मकथने' या घटकात, आणि युरोपच्या सहली 'प्रवासवर्णन' या घटकात. दोन्ही घटकांचे प्रश्न एकाच उत्तरपत्रिकेत येऊ शकतात, एकाच उत्तरात नाही. हे कुंपण काढले तर मोटरहोमच्या टिपणांची भाषा आपोआप सुधारेल, असा आमचा विश्वास आहे. ज्याने पाल उठताना वाचले आहे त्याला कॅम्पसाइटच्या फाटकावरची नियमावली वेगळी दिसते.

म्हणून याद्या करू नका असे आम्ही म्हणत नाही. त्यांत आणखी रकाने घाला असे म्हणतो. ही जागा पालिकेची आहे की एखाद्या साखळी-कंपनीची? तिच्या नियमांनी कोणती वाहने आणि कोणती माणसे बाहेर ठेवली आहेत? त्याच गावातली 'स्वागताची जागा' कुठे आहे, आणि तिच्या शेजारी काय आहे? ही माहिती मिळवणे मुळीच अवघड नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाटीवर असते, दुसऱ्याचे नोंदणीच्या कागदावर, तिसऱ्याचे रस्त्यावरच्या दिशादर्शकावर. आणि पालिकेची साधी, दोन ताऱ्यांची, सामाईक नळाची कॅम्पसाइट अजून चालू असेल तर चार ताऱ्यांची सोडून तिथे उतरा. १९३६ ने जे दिले त्यातले जे शिल्लक आहे ते तिथे आहे.

अशी टिपणे लिहिण्याजोग्या जागा थोड्या नाहीत. कामार्गच्या खारफुट प्रदेशात समुद्रकाठी सँत-मारी-द-ला-मेर हे गाव आहे. कॅम्पसाइट आहेत, मोटरहोमचे तळ आहेत, उन्हाळ्यात गर्दी असते. दर वर्षी २४ मे रोजी युरोपभरच्या रोमानी, मानुश आणि खितानो कुटुंबांच्या कॅराव्हॅन तिथे जमतात, आणि तळघरातल्या सारा-ला-काली या काळ्या संत-मूर्तीला मिरवणुकीने समुद्रापर्यंत नेतात. ती मिरवणूक अधिकृतपणे निघू लागली १९३५ पासून. त्यासाठी मार्की फोल्को द बारोंचेल्ली या जमीनदार-कवीला चर्चकडे खटपट करावी लागली होती. 'काली' या शब्दाचा अर्थ तिथे गेलेल्या मराठी माणसाला कोणी सांगायला नको. त्याने फक्त एवढे पाहावे, की त्या आठवड्यात कोणाच्या गाड्या गावात कुठे उभ्या आहेत.

आणि ल्वारच्या किल्ल्यांच्या वाटेवर असाल तर माँत्रुय-बेले लागेल. किल्ला सुंदर आहे, द्राक्षमळे आहेत, किल्ल्याखाली नदीकाठी कॅम्पसाइट आहे. गावाबाहेर रस्त्यालगत काही दगडी पायऱ्या आणि चौथऱ्यांचे अवशेष आहेत. नोमादांसाठीची फ्रान्समधील सर्वांत मोठी छावणी १९४१ ते १९४५ या काळात तिथे होती. फ्रेंच राज्याची जबाबदारी राष्ट्राध्यक्ष ओलाँद यांनी तिथे उभे राहून मान्य केली, ती २९ ऑक्टोबर २०१६ रोजी. नदीकाठची जागा आवडली तर जरूर लिहावे. मात्र त्या लेखात स्वतःसाठी 'जिप्सी' हा शब्द वापरण्यापूर्वी त्या पायऱ्यांपर्यंत एकदा जाऊन यावे.